दोनच पोळ्या

गुरुवार, संध्याकाळी सहा ते सहा पन्नास. आठवड्यातली ही पन्नास मिनिटं माझी असतात. त्यांचे पैसे मी मोजतो. तरी पहिले सात-आठ महिने मी सहा चाळीसलाच उठायचो. मनाच्या उपचारासाठी मी ज्यांच्याकडे जातो, त्या मॅडमच्या खुर्चीमागच्या कपाटावर एक छोटं घड्याळ आहे. त्याचा काटा आठावर आला की माझा हात आपोआप पिशवीकडे जायचा. "चला, निघतो. तुम्हालाही पुढचं काही असेल." मग चपला घालून जिना उतरायचा. कर्वे रस्त्याच्या मागच्या गल्लीत पोचल्यावर हलकं वाटायचं. कुणाला जास्त त्रास न देता काम आटोपल्यावर वाटतं ना, तसं.

मॅडम बरेच दिवस काहीच बोलल्या नाहीत. मला ते सभ्यपणाचं लक्षण वाटलं होतं.

मी तिथे का जायला लागलो, ते थोडक्यात सांगतो. मुलगा बारावीनंतर बाहेरगावी शिकायला गेला. त्याला हॉस्टेलवर सोडलं, गादी-बादली घेऊन दिली आणि परतीच्या बसमध्ये मला जे रडू फुटलं ते थांबेना. शेजारच्या माणसाने पाण्याची बाटली पुढे केली. त्यानंतर चार महिने झोप नाही, छातीत दडपण, वजन सहा किलोने कमी. ईसीजी, टूडी एको, थायरॉइड, सगळं नॉर्मल. हृदयाच्या डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवत म्हटलं, "मनाचं बघा."

आधी मी विवेकनिष्ठ पद्धतीच्या समुपदेशकाकडे गेलो. महाराष्ट्रात मनाच्या उपचारांचं नाव काढलं की बहुतेकांना हीच पद्धत आठवते. कि. मो. फडके आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यामुळे या पद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस हे नाव आपल्याकडे घराघरांत पोचलंय. आपल्या मागण्यांमधला 'च' शोधायचा. मुलाने रोज फोन केला'च' पाहिजे, असं मी मनात म्हणतोय का? तो 'च' काढून वाक्य पुन्हा लिहायचं. मला त्याचा फायदा झाला, झोप परत आली. त्या पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. पण बसमधलं ते रडू कुठल्या 'च'मधून आलं, हे कागदावर कधी उतरलं नाही. अठरा वर्षांचा मुलगा शिकायला बाहेर पडला, यात पन्नाशीच्या बापाने हमसून रडावं असं काय होतं? तेव्हा एका मित्राने या मॅडमचं नाव दिलं. त्यांची पद्धत सायकोडायनॅमिक. मनोविश्लेषणातून, म्हणजे मनात दडलेलं बोलण्यातून शोधण्याच्या पद्धतीतून निघालेली, पण रोज कोचावर झोपवणारी नव्हे. आठवड्यातून एकदा, समोरासमोर खुर्च्या.

कोचाबद्दल एक गंमत. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड, त्याला तो कोच एका कृतज्ञ पेशंटबाईंनी भेट दिला होता. स्वतः पेशंटच्या डोक्यामागे बसण्याची अनेक कारणं त्याने दिली आहेत. त्यातलं एक अगदी सरळ आहे: दिवसाचे आठ-आठ तास लोकांनी आपल्याकडे टक लावून बघितलेलं त्याला सोसत नव्हतं. मला हे कारण फार आवडतं. इतक्या मोठ्या शास्त्राचं फर्निचर एका माणसाच्या संकोचातून ठरावं!

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "मनात येईल ते बोला. लाज वाटली, क्षुल्लक वाटलं, संबंध नाही असं वाटलं, तरी गाळू नका." ऐकायला सोपं. फ्रॉइडने 1913 साली हाच नियम समजावताना रेल्वेचा दाखला दिला होता. तुम्ही खिडकीपाशी बसलाय आणि बाहेर सरकणारा देखावा डब्यात आत बसलेल्या माणसाला सांगताय, असं समजा. मी खिडकीपाशी बसलो खरा, पण फक्त स्टेशनांची नावं सांगत होतो. जन्म जत तालुक्यात. वडील प्राथमिक शिक्षक. चौथीत सांगलीला. पुढे डिप्लोमा, विमा कंपनीत नोकरी, लग्न, मुलगा. मधली शेतं, नाले, रुळाकाठी परसाकडला बसलेली माणसं, सगळं गाळलेलं. पाहुण्याने यजमानासमोर काढायच्या गोष्टी निवडाव्यात, तशा मी त्या निवडत होतो. या गाळण्याला त्यांच्या शास्त्रात प्रतिकार म्हणतात. मी मनात त्याचा अर्थ 'उपचाराला विरोध' असा लावून घेतला होता. तसं ते नसतं. जी गोष्ट दिसली तर दुखेल तिच्यापासून मन आपल्याला जपत असतं, आणि ते इतकं सराईतपणे की आपल्याला पत्ताही लागत नाही. मराठीत यासाठी 'नेणीव' हा सुरेख शब्द आहे. जाणिवेच्या शेजारीच राहणारी, पण ओळख न दाखवणारी.

मग मी वाचायला सुरुवात केली. ही माझी खोडच. जे घाबरवतं त्यावर पुस्तक आणायचं. दर गुरुवारी नवी संज्ञा घेऊन हजर. ॲना फ्रॉइडने 1936च्या पुस्तकात मनाच्या बचावाच्या युक्त्या नीट मांडल्या, हेही मी मॅडमना सांगितलं, जणू त्यांना माहीतच नव्हतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आज तुम्ही फ्रॉइडच्या मुलीला सोबत घेऊन आलात. दोघांनी मिळून मला दूर ठेवायचं ठरवलंय का?" मी हसलो. जिना उतरताना मात्र कान गरम झाले होते. बौद्धिक चर्चेच्या आड लपणं ही त्याच यादीतली एक युक्ती आहे, आणि तीच मी वापरत होतो. हा लेख लिहितानाही थोडीफार वापरतोच आहे.

वाचनातून एक चीज मात्र हाती लागली. हे सगळं परदेशी खूळ आहे, असं माझे सासरे म्हणतात. त्यांना मी सांगितलं की कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 सालीच भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली होती. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि काही बाबतींत मतभेदही होते. फ्रॉइडच्या पंचाहत्तरीनिमित्त, 1931 साली, त्यांनी व्हिएन्नाला विष्णूची एक हस्तिदंती मूर्ती पाठवली. फ्रॉइडने ती आपल्या टेबलावर ठेवली. पुढे तिला तडे गेले, तेव्हा त्याने डायरीत शंका नोंदवली, की कलकत्त्याची सवय असलेल्या या देवाला व्हिएन्नाची हवा सोसत नसेल का? सासऱ्यांना हा किस्सा आवडला. मला त्या मूर्तीची दया आली. का, ते तेव्हा कळलं नाही.

आठव्या महिन्यात कधीतरी मी नेहमीप्रमाणे पिशवी उचलली. मॅडम म्हणाल्या, "अजून दहा मिनिटं आहेत."

"हो, पण तुम्हालाही..."

"माझा वेळ वाचवताय, की मी 'वेळ झाली' म्हणायच्या आत निघताय?"

मी पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिलो. दहा मिनिटं एक शब्द निघाला नाही. आणि त्या दहा मिनिटांत मला सांगलीतलं स्वयंपाकघर दिसलं.

1984 साली मी नऊ वर्षांचा होतो. गावात चांगली शाळा नव्हती. अण्णांचे, म्हणजे वडिलांचे, चुलतभाऊ सांगलीच्या गणपती पेठेत हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांच्याकडे मला शिकायला ठेवलं. काकांच्या सदऱ्याला कायम हळदीचा वास. एसटीत बसण्याआधी अण्णांनी एवढंच सांगितलं होतं, "दुसऱ्याच्या घरी राहायचं तर पोट आणि तोंड दोन्ही आवरून राहायचं." अण्णा स्वतः वार लावून शिकलेले. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. आपण कुणाकडे दुसऱ्यांदा मागून घेतलं नाही, हे ते म्हातारपणीही ताठ मानेने सांगायचे. मी त्यांच्या पुढे गेलो. पहिल्यांदाही मागितलं नाही. काकू पोळ्यांचा डबा पुढे करायची, मी दोन झाल्या की ताटावर हात धरायचा. "पुरे, काकू." तिची मुलं चार-चार खायची. मी दप्तरात कच्चे शेंगदाणे ठेवायचो आणि रात्री पांघरुणात, दाढेखाली आवाज होणार नाही असे चावायचो. आठ वर्षं मी तिथे राहिलो. कुणी मला कधी टोचून बोललं नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. पण सुट्टी लागायच्या आदल्या रात्रीच माझी पिशवी भरून दाराशी तयार असायची. 'आता जा' असं कुणी म्हणायच्या आत.

ही माहिती मला नवी नव्हती. शेंगदाण्यांचा किस्सा तर मी मित्रांना रंगवून सांगत आलोय, टाळ्या घेतल्यात त्यावर. नवं होतं ते हे, की पन्नाशीत, पैसे मोजून बसलेल्या खुर्चीतून मी अजून ताटावर हात धरत होतो. फ्रॉइडने 1914च्या एका निबंधात हे मांडलंय. माणूस विसरलेली गोष्ट आठवत नाही, तो ती करत राहतो. आणि करतोय हे त्याला ठाऊक नसतं. समोरच्या डॉक्टरच्या जागी तो जुन्या माणसाला बसवतो आणि जुनाच खेळ मांडतो. याला ट्रान्सफरन्स म्हणतात. मी मॅडमना काकू करून टाकलं होतं. त्यांची पन्नास मिनिटं म्हणजे पोळ्यांचा डबा, आणि चाळीस मिनिटं झाली की "पुरे".

इतर उपचारपद्धतींत आणि यात मला जाणवलेला फरक इथे आहे. इतर ठिकाणी मी बाहेर घडलेल्या गोष्टी खोलीत आणून सांगायचो. इथे ती गोष्ट खोलीतच घडत होती, दोघांच्या देखत. म्हणून ती चौकट इतकी कडक असते. तोच वार, तीच वेळ, तीच खुर्ची, तीच फी. चौकट हलली नाही तरच आपण कुठे हललो ते दिसतं.

फ्रॉइडला हे सुरुवातीपासून कळलं होतं असं नाही. 1900 सालच्या शरदात अठरा वर्षांची एक मुलगी त्याच्याकडे आली. लेखनात तिला त्याने डोरा म्हटलंय. खोकला, बसलेला आवाज, आणि घरातल्या मोठ्या माणसांच्या लफड्यांत प्याद्यासारखी अडकलेली. वडिलांच्या मित्राने तिच्याशी लगट केली होती आणि घरात तिचं कुणी खरं मानत नव्हतं. फ्रॉइडने तिच्यावर अर्थांचा मारा केला. 31 डिसेंबरला ती आली आणि म्हणाली, आजचा शेवटचा दिवस. कधी ठरवलंस? दोन आठवड्यांपूर्वी. म्हणजे कामवालीने दिली तशी नोटीस, असं तो बोलून गेला. 1905 साली ही हकीकत छापताना त्याने कबूल केलं की ट्रान्सफरन्स वेळेत हाताळणं आपल्याला जमलं नाही. मला त्या कबुलीपेक्षा मुलीचं उठून जाणं जास्त भिडतं. तिचं ऐकून घेतलं जात नव्हतं, म्हणून ती गेली. माझं ऐकलं जात होतं, तरी मी जात होतो.

तर मी पूर्ण वेळ बसायला लागलो, आणि एका गुरुवारी ते झालं. मी अण्णांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल बोलत होतो. दवाखान्यात त्यांनी नर्सकडे पाणीही मागितलं नव्हतं, हे सांगता सांगता घसा दाटला. आणि मॅडम म्हणाल्या, "आजची वेळ झाली." नेहमीच्याच सौम्य आवाजात. माझ्या अंगाची लाही झाली. माझं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही! पुढचा गुरुवार मी न कळवता चुकवला. त्या न आलेल्या दिवसाचीही फी द्यावी लागते, हे पहिल्या दिवशी ठरलं होतं. फ्रॉइडनेही तास भाड्याने दिल्यासारखाच ठेवला होता. वापरा किंवा नका वापरू, तो तुमचा. त्याच्या पुढच्या वेळी मी गेलो ते पाकीट टेबलावर जवळजवळ आपटलंच. "घ्या. तुम्हाला हेच हवं असतं." आयुष्यात कुणाशी असं बोललो नव्हतो. बायको पंचवीस वर्षं म्हणत आलीय, तू भांडत का नाहीस रे कधी? तिने ऐकायला हवं होतं.

मला वाटलं, झालं, आता हाकलणार. मॅडम मागे सरकल्या नाहीत. स्वतःची बाजू मांडली नाही. मला समजावलंही नाही. म्हणाल्या, "मागच्या गुरुवारी मी ही खुर्ची रिकामी ठेवली होती. तुम्हाला निघायला सांगितलं, त्याचा राग आलाय. अजून बोला." मी बोललो. आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी सहाला दार तसंच उघडलं.

डोनाल्ड विनिकॉट हा इंग्लिश बालरोगतज्ज्ञ पुढे मनोविश्लेषक झाला. 1947च्या एका निबंधात त्याने एका मुलाची हकीकत सांगितली आहे. महायुद्धाच्या काळातला नऊ वर्षांचा पळपुटा मुलगा. कुठेच टिकेना, म्हणून विनिकॉटच्या बायकोने त्याला घरी ठेवून घेतलं, तीन महिने. ते तीन महिने नरकासारखे गेले, असं तो लिहितो. मुलाने थैमान घातलं की विनिकॉट त्याला उचलून दाराबाहेर ठेवायचा, पाऊस असो, थंडी असो. बाहेर एक खास घंटी होती. ती वाजवली की दार उघडणार आणि झाल्या प्रकाराबद्दल चकार शब्द निघणार नाही, हे मुलाला माहीत होतं. आणि दरवेळी बाहेर ठेवताना विनिकॉट त्याला सांगायचा की तुझ्या या वागण्याने मला तुझा तिरस्कार वाटला.

हे वाचून मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. नऊ वर्षांचा. दुसऱ्याच्या घरात. पण त्या पोराने थैमान घातलं, तिरस्कार अंगावर घेतला, आणि तरी घंटी वाजवली की आत. मला घंटी वाजवायची वेळच आली नाही, कारण मी कधी काही मोडलं नाही. विनिकॉटने आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती खोट्या 'मी'ची. भोवतालच्या माणसांना सोयीचं होईल असं मूल स्वतःला घडवत जातं, इतकं बेमालूम की आत दुसरं कुणी आहे याचा त्याला स्वतःलाच विसर पडतो. शाळेत मला 'आदर्श विद्यार्थी' म्हणून स्टीलचा डबा मिळाला होता. तो अजून आहे. त्यात आम्ही शेंगदाणे ठेवतो.

आणि मग बसमधलं रडू. त्याचा उलगडा एका दिवसात झाला नाही. कुठलाही बुवा छू म्हणेल तसा तो होत नसतो. मुलगा हॉस्टेलच्या दारात उभा होता, हात हलवत, मजेत. मी बसमध्ये. एसटीच्या खिडकीतून बाहेर उभे असलेले अण्णा मी पाहिले होते, त्याच्या बरोबर उलट. आता मी अण्णांच्या जागी होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर मुलगा नव्हताच. चौकटीत उभा होता तो दप्तरात शेंगदाणे लपवणारा पोरगा. मी हे मॅडमना सांगितलं. पंधरा दिवसांनी पुन्हा सांगितलं. दोन महिन्यांनी पुन्हा, जरा वेगळं. कंटाळून एकदा म्हटलं, "हे तर कळलंय मला, आता पुढे काय?" त्या म्हणाल्या, "कळलंय. मुरलेलं नाही." लोणच्याची बरणी रोज उघडून बघणाऱ्या माणसाला आई सांगायची, तेच.

हे सगळ्यांसाठी नाही. जीव नकोसा झालेला असेल, भास होत असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ आणि औषधं. पैसे आणि वेळ लागतो, आणि दोन्ही असणं हे नशीबच. जोनाथन शेडलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 2010 साली एका लेखात या पद्धतीचे अभ्यास मांडून दाखवलं की तिचा परिणाम उपचार थांबल्यावरही टिकतो, वाढतोही. त्यावर वादही झाले. मी विमा कंपनीतला माणूस, आकडे वाचता येतात, पण माझ्याबद्दल ते काही सांगत नाहीत.

या मे महिन्यात सांगलीला गेलो. काका जाऊन बरीच वर्षं झाली. काकू चौऱ्याऐंशीची, कमरेत वाकलेली, पण स्वयंपाकघर सोडत नाही. जेवायला बसलो. गावाकडच्या गोष्टी निघाल्या. मध्येच ती म्हणाली, "तू लहानपणी कध्धी दुसऱ्यांदा मागितलं नाहीस रे."

मला वाटलं आता म्हणेल, किती गुणी होतास.

"मला आपलं वाटायचं, माझ्या हातचं तुला रुचत नाही. तुझ्या आईच्या भाकरीची सवय. ह्यांना म्हटलंसुद्धा एकदा, पोरगं घरात रमत नाही, माझंच काही चुकतंय का बघा. हे म्हणाले, तसाच स्वभाव आहे त्याचा." तिने पदराने कपाळ पुसलं. "आठ वर्षं. रोज वाटायचं, आज तरी मागेल."

मी घास हातात धरून बसलो होतो. गेली चाळीस वर्षं मी मनात जी काकू बाळगली, पोळ्या मोजणारी, ती या बाईला ओळखतही नव्हती.

"काकू, आमटी वाढता का थोडी?" मी म्हटलं.

तिने वाढली. आता तिला चवीचा अंदाज राहिलेला नाही, आमटी चांगलीच खारट होती. मी ती संपवली आणि आणखी एकदा घेतली. ते मागणं होतं, की तिला बरं वाटावं म्हणून केलेलं जुनंच पाहुणेपण, हे गुरुवारी काढायचं असं ठरवून मी तिसऱ्या पोळीला हात घातला.